माळ गळ्यात, कप वळचणीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वारीच्या पुरवणीत ‘श्रद्धा आपल्या जीवनशैलीत बसली पाहिजे’ अशा आशयाचा लेख वाचला. नोकरी सांभाळून एक दिवसाची वारी, मोबाइलवर दर्शन, जमेल तेवढी एकादशी. भक्तीचं ओझं होऊ नये, असं लेखकाचं म्हणणं. एक दिवस चालणाऱ्यांवर माझा राग नाही. माउलींची पालखी तरडगावला मुक्कामी असते तेव्हा लग्न होऊन आल्यापासून मी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढते आहे. गुडघे धरल्यामुळे लोणंदहून टेम्पोत बसून आलेली म्हातारी माणसंही पंगतीला असतात आणि त्यांची वारी मला कमी वाटत नाही. पण ‘बसली पाहिजे’ हे शब्द चार दिवस डोक्यातून जाईनात, म्हणून लिहिते.

माझे सासरे, आबा, माळकरी. १९७८ साली दिंडीच्या महाराजांनी ज्ञानेश्वरीवर ठेवलेली तुळशीची माळ त्यांच्या गळ्यात घातली. त्या दिवसापासून त्यांनी ना दारूला हात लावला, ना मटणाला. बाजाराच्या दिवशी पिऊन पडणारा माणूस पहाटे काकड्याला जायला लागला, याचं सासूबाईंना मरेपर्यंत अप्रूप होतं. संध्याकाळी हरिपाठ झाल्याशिवाय घरात ताट वाढलं जायचं नाही. १९८६ साली मी आले ती अशा घरात.

त्याच घराच्या वळचणीला, बाहेरच्या कोनाड्यात एक कप होता. निळ्या काठाचा, कान तुटलेला. रानात कामाला येणाऱ्या बौद्धवस्तीतल्या एका काकांसाठी तो वेगळा ठेवलेला. काका कप पुढे करायचे, मी वरून चहा ओतायची, ते पायरीखाली उकिडवे बसून प्यायचे. मग मी वरूनच पाणी घालायची, ते कप विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. पाच वर्षं मी हे केलं. कपाला किटली टेकू नये, इतकी काळजी घेऊन केलं. हे लिहिताना आज हात थरथरतो.

आणि आबा? ते दर आषाढीला पंढरपुरात महाद्वारी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकायचे. दिंडीत समोर येईल त्याला ‘माउली’ म्हणून पाया पडायचे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना खुलं झालं, हे आम्हाला भरल्या आवाजात सांगायचे. घरी आले की कप तिथंच. दारू सोडली तर गाव कौतुक करतं, कप आत आणला तर भावकी बोल लावते. म्हणून पहिलं झालं आणि दुसरं राहिलं. माळ त्यांच्या जगण्यात अगदी नीट बसली होती.

१९९१ च्या वारीहून आबा परतले. खांद्यावरची पडशी उतरवायच्या आधी त्यांनी कोनाड्यातला कप उचलला, मोरीत राखेनं घासला आणि मांडणीवर आमच्या कपांच्या ओळीत नेऊन ठेवला. वाटेत काय घडलं, कुणी काय बोललं, त्यांनी कधीच सांगितलं नाही. सासूबाईंनी दोन दिवस चहा सोडला. चुलतसासरे वर्षभर आमची पायरी चढले नाहीत. आणि काकांना आबा सोप्यात घोंगडीवर बसा म्हणाले, तर तेही महिनाभर ‘इथंच बरं हाय’ म्हणत बाहेरच थांबले. त्यांनी एकदम विश्वास तरी का ठेवावा? माळ घालून तेरा वर्षं झाली होती. ती लागू पडलेली मी त्या दिवशी पाहिली.

हे जुनं झालं म्हणाल. माझा मुलगा पुण्यात असतो. दर वर्षी पालखीबरोबर दिवेघाट चढून सासवडपर्यंत चालतो आणि मनापासून चालतो, गळ्यात तुळशीची माळ असते. गेल्या महिन्यात त्याचा दुसरा फ्लॅट भाड्यानं घ्यायला एक तरुण जोडपं आलं. दोघांना नोकरी, भाडं कबूल, डिपॉझिटही तयार. मुलानं आडनाव विचारलं आणि ‘कळवतो’ म्हणाला. मी तिथंच होते. निघताना ती पोरगी स्वतःचा कप उचलून विसळायला आत निघाली. मी तो तिच्या हातातून ओढूनच घेतला.

रात्री मुलाला आबांच्या कपाची गोष्ट सांगितली. त्यानं ती पहिल्यांदाच ऐकली, हा दोष माझा. ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पण आई, त्याचा वारीशी काय संबंध?’ तो वाईट नाही हो. लेखकमहाशयांनी लिहिलंय तेच तो करतो आहे.

पालखी तरडगावला यायच्या आत त्या दोघांना फोन कर, असं मी त्याला सांगितलं आहे. फ्लॅट अजून रिकामा आहे.

– एक वाचक, तरडगाव परिसर, ता. फलटण, जि. सातारा
(मुलाचा विषय असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)