दुसऱ्या बाळाचे स्वागत : पहिल्या सहा आठवड्यांची तयारी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. आई, काकू, मावशी हाताशी असतात, तेल लावायला बाई येते. दुसऱ्या वेळी थोरल्याची शाळा बुडू नये म्हणून ती बहुधा सासरीच राहते आणि ‘हिला आता सगळे ठाऊक आहे’ असे म्हणून घर निर्धास्त होते. बारशाचा हॉल, केटरर, पाळण्याची सजावट हे सातव्या महिन्यातच ठरते. पण रात्री दोन वाजता बाळ रडू लागल्यावर जागे होणाऱ्या थोरल्याजवळ कोण झोपणार, हे कोणीच ठरवलेले नसते. नवजात शिशू कक्षात आणि बाळंतिणींच्या वॉर्डात काम करताना जे रोज सांगावे लागते, ते या पत्रातून घरातल्या इतरांपर्यंत, विशेषतः बाळाच्या वडिलांपर्यंत पोहोचावे, अशी आमची इच्छा आहे.

दुसरेपणी कळा सुरू झाल्यापासून बाळ येईपर्यंतचा वेळ बहुधा पहिल्यापेक्षा बराच कमी असतो. ‘कळा वाढू देत, मग निघू’ हा पहिल्या वेळचा हिशेब लावल्यामुळे रिक्षात बाळंत होण्याची वेळ येते. दवाखाना लांब असेल तर कळा ठरावीक अंतराने येऊ लागताच निघावे. पाणी गेले तर कळांची वाटच पाहू नये. पहिले सिझेरियन झालेले असेल तर पहिल्या कळेलाच निघावे आणि जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे अशाच ठिकाणी जावे, कारण कळांच्या ताणाने जुना टाका आतून उसवण्याचा धोका असतो. थोरल्याला त्या वेळी कोण सांभाळणार, ती व्यक्ती न मिळाल्यास दुसरी कोण, हे आठव्या महिन्यात नक्की करावे आणि मुलाला तिच्याजवळ एक-दोन रात्री झोपवून पाहावे.

थोरल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच घरे सर्वाधिक चुकतात. दीड ते चार वर्षांच्या मुलाला ‘तुला खेळायला भाऊ येणार’ असे सांगू नये. जे येते ते झोपते आणि रडते, महिनोन्‌महिने खेळत नाही. मुलाला फसवल्यासारखे वाटते. ‘बाळ लहान असेल, खूप रडेल, आईजवळ सारखे दूध पिईल’ असे खरे सांगावे. अंथरूण वेगळे करणे, बालवाडीत घालणे, लंगोट सोडवणे यांपैकी जे करायचे असेल ते बाळ येण्याआधी दोन-तीन महिने उरकावे किंवा बाळ चार महिन्यांचे होईपर्यंत लांबणीवर टाकावे. बाळ घरी आले त्याच आठवड्यात थोरल्याला आईच्या कुशीतून आजीच्या खोलीत हलवले, तर त्याचा राग बाळावर निघणारच. दवाखान्यात पहिल्या भेटीला ते येईल तेव्हा बाळ पाळण्यात असावे आणि आईचे दोन्ही हात मोकळे असावेत. आधी त्याला जवळ घ्यावे, मग बाळ दाखवावे.

‘आता आई तुझी नाही, बाळाची’ असे म्हणून मुलाला चिडवणे हा पाहुण्यांचा जुना खेळ आहे. तो दारातच थांबवण्याची जबाबदारी वडिलांनी घ्यावी. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, बोबडे बोलणे, अंगावर प्यायला मागणे हे सारे अपेक्षितच आहे आणि रागावले नाही तर ते बहुधा काही आठवड्यांत ओसरते. रोज पंधरा-वीस मिनिटे आई फक्त थोरल्याची असावी आणि तेवढा वेळ बाळ बाबांच्या छातीवर. दुपटे आणून देणे, पाळणा हळू हलवणे अशी कामे मुले आनंदाने करतात. मात्र पाच-सहा वर्षांच्या शहाण्या मुलालाही बाळाजवळ क्षणभर एकटे सोडू नये. प्रेमाने शेंगदाणा भरवला जातो, तोंडावर पांघरूण घातले जाते.

दुसऱ्या बाळाच्या घरात एक धोका पहिल्या वेळी नसतो. शाळेतला सर्दी-खोकला थोरल्याबरोबर घरी येतो. तान्ह्या बाळाला त्याच सर्दीने श्वास घेणे कठीण होऊ शकते. थोरल्याने शाळेतून आल्यावर साबणाने हात-तोंड धुऊन, कपडे बदलून मगच बाळाजवळ जावे आणि पापा घ्यायचा तो पावलांचा घ्यावा, तोंडाचा नाही. खोकला असेल तर अंथरूण वेगळे ठेवावे. आईलाच सर्दी झाली तर तिने मास्क लावावा, पण अंगावर पाजणे थांबवू नये. आणि थोरल्याचे लसीकरण कार्ड बाळ येण्याआधी काढून पाहावे. डांग्या खोकल्याविरुद्धचे बूस्टर डोस सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांच्या वयात असतात. बाळाची स्वतःची पहिली मात्रा सहा आठवड्यांनी मिळते, तोवर त्याचे रक्षण घरातल्यांच्या लशीच करतात.

आता बाळंतिणीकडे. बाळ अंगावर पिऊ लागले की तिच्या ओटीपोटात कळा येतात. गर्भाशय आवळत असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा पहिल्यापेक्षा जोरात येतात. घाबरून पाजणे थांबवू नये. पाजण्याआधी लघवी करून यावी, दुखणे फार असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. मात्र तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ताप असेल, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा एकाच पोटरीला सूज-वेदना असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा अवश्य द्याव्यात, पण त्यांच्या जोडीला रोजचे वरण, भाकरी, पालेभाजी, अंडे किंवा मासे हवेत. पाणी कमी देण्याची पद्धत सोडावी. त्याने बद्धकोष्ठ होते आणि टाके दुखतात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. दोन्ही एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही. चहाबरोबरही लोहाची गोळी नको. पहिल्या दहा-बारा दिवसांत रडू येणे स्वाभाविक आहे. दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, बाळ झोपले असतानाही तिला झोप येत नसेल, तर ते आजारपण आहे आणि त्यावर उपचार आहेत.

बाळाला पहिल्या तासाभरात अंगावर घ्यावे. पहिले घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. ते चमचाभरच निघते आणि पहिल्या दिवशी तेवढे पुरते. ‘दूध उतरत नाही’ म्हणून दुसऱ्या रात्री डब्याचे दूध आणले जाते, तिथून खरी अडचण सुरू होते. बाळ कमी चोखते, म्हणून दूध कमी बनते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत घटते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. त्यापेक्षा जास्त घट मात्र डॉक्टरांना दाखवावी. दूध पुरते की नाही हे पाहण्याची साधी खूण अशी : पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिक्या रंगाची लघवी. पाजताना बोंडच नव्हे, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात जावा, नाहीतर बोंडाला चिरा पडतात. थोरले अजून अंगावर पीत असेल तर आधी बाळाला पाजावे. मध, गुटी, साखरेचे पाणी सहा महिने काहीच नको. मधातून बॉट्युलिझमचे जंतू जाऊ शकतात, म्हणून मध तर वर्षभर नको.

नाळेवर हळद, राख, तेल, पावडर काही लावू नये. कोरडी ठेवली की आठवडा-दोन आठवड्यांत पडते. धुरीने बाळाच्या फुप्फुसात धूर जातो, आणि बंद खोलीत शेगडी आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. काजळ नको, मोहरीची उशीही नको. बाळाला पाठीवर झोपवावे. दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ करून करकचून बांधू नयेत, खुब्याचा सांधा निखळू शकतो. कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला तर उन्हात ठेवत बसू नये, तडक दाखवावे. पिणे सोडणे, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग गार किंवा तापलेले, झटके, नाळेतून पू : यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र काढू नये. सरकारी रुग्णालयात वर्षभराच्या आतल्या बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. त्यासाठी १०२ क्रमांक आहे.

हे सर्व माहीत असलेल्या घरांतही बाराव्या दिवशी घोळ होतो. सिझेरियनचे टाके ओले असतात, बाळ नुकते वजन धरू लागलेले असते आणि दोघांना भरजरी कपड्यांत शंभर-दीडशे माणसांत बसवले जाते. तीन-चार तास पाजणे होत नाही, स्तनांत दूध साचून गाठी येतात, बाळ पन्नास हातांतून फिरते आणि चार दिवसांनी कक्षात दाखल होते. आमची कळकळीची विनंती आहे की बाराव्या दिवशी आत्याने कानात नाव सांगावे, पाळणा म्हणावा, घुगऱ्या वाटाव्यात, पण घरच्या माणसांतच. मोठा समारंभ बाळाची सहा आठवड्यांची लस झाल्यावर करावा. जन्मनोंदणी मात्र बारशासाठी अडवू नये. नोंद २१ दिवसांत, नावाशिवायही होते आणि पुढे बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी हाच दाखला जन्माचा पुरावा आहे.

आशाताईंना दारातूनच ‘दुसरे आहे, आम्हाला माहीत आहे’ असे सांगून परत पाठवू नये. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. बाळाचे वजन करतात, तापमान पाहतात, श्वास मोजतात. ही घरपोच नवजात सेवा देशाला दिली ती गडचिरोलीने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते काम प्रसिद्ध केले आणि २०११ पासून ती योजना देशभर लागू झाली.

सहाव्या आठवड्याला बाळाच्या लशींसाठी जाताना वडिलांनीही सोबत जावे. क्षयाविरुद्धची बीसीजी लस टोचलेल्या जागी फोड येऊन पू झालेला दिसला तर तो लस लागल्याची खूण असते. दाबू नये, मलम लावू नये. त्याच दिवशी आईचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि टाके तपासून घ्यावेत आणि पुढच्या गर्भधारणेचे बोलणे टाळू नये. आणखी मूल हवे असेल तरी पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत. पाळी आलेली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत, ही समजूत चुकीची आहे. तांबी प्रसूतीनंतर ४८ तासांत बसवता येते, नाहीतर सहा आठवड्यांनी. आणि कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. माणूस त्याच दिवशी घरी जातो, मात्र त्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते आणि मग वीर्यतपासणी करून खात्री करून घ्यावी लागते.

– नवजात शिशू कक्षातील काही परिचारिका व स्तनपान समुपदेशक, नाशिक