मर्यादा उठली, पण दंड भरलेल्यांचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कुटुंबात किती मुले असावीत यावरील सरकारी मर्यादा बदलली की चर्चा होते ती घटत्या जन्मदराची आणि वाढत्या वृद्धांची. जुन्या नियमाखाली ज्यांनी शिक्षा भोगली, त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. चीनमध्ये हेच घडले. सप्टेंबर १९८० मध्ये तेथील कम्युनिस्ट पक्षाने सदस्यांना खुले पत्र लिहून एका अपत्यावर थांबण्याचे आवाहन केले, तेव्हाच तीस वर्षांनी वेगळे धोरण आखता येईल असेही त्यात नमूद होते. १९८४ मध्ये पहिली मुलगी असलेल्या अनेक ग्रामीण जोडप्यांना दुसऱ्या अपत्याची सवलत मिळाली, म्हणजे मुलगाच हवा या आग्रहापुढे सरकारनेही मान तुकवली. २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन अपत्यांना परवानगी मिळाली, आणि जादा अपत्यासाठीचा दंडही रद्द झाला.

या दंडाची झळ केवळ आईवडिलांना बसली नाही. तो भरता न आल्याने अनेक मुलांची कुटुंबनोंदणीच झाली नाही, आणि ती नसली की ओळखपत्र मिळत नाही, शाळाप्रवेश अडतो, रेल्वेचे तिकीट काढणे आणि लग्नाची नोंद करणेसुद्धा कठीण होते. २०१० च्या जनगणनेनुसार नोंदणी नसलेल्यांची संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होती आणि त्यांत अशा मुलांचा वाटा मोठा होता. त्या सर्वांची विनाअट नोंद करण्याचा आदेश निघाला जानेवारी २०१६ मध्ये, आणि तोवर त्यांतील कित्येकांचे शाळेचे वय उलटून गेले होते. सक्तीच्या गर्भपाताला सामोरे गेलेल्या स्त्रियांची, किंवा एकुलते एक मूल गमावून उतारवयात एकाकी पडलेल्या आईवडिलांची हानी तर कोणत्याही आदेशाने भरून निघणारी नाही.

जून २०२५ मध्ये व्हिएतनामनेही दोन अपत्यांची मर्यादा काढून टाकली. अशी मर्यादा उठवणे योग्यच आहे, परंतु माझ्या मते ज्या कायद्याने ती उठते, त्याच कायद्यात जुन्या दंडाची परतफेड, नोकरी गमावलेल्यांचे पुनर्वसन आणि निराधार आईवडिलांच्या निर्वाहाची तरतूद असली पाहिजे.

आपला,
एक वाचक