लहान्याच्या गुडघ्यासाठी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

काल फोनवर आई म्हणाली, "लहान्याचा गुडघा दुखते, तरी पोरगं फौजेच्या भरतीसाठी पहाटे डांबरी रोडवर पळायला जाते." तेव्हापासून जिवाला चैन नाही. बाबा, हे पत्र त्याला समोर बसवून वाचून दाखवा.

फौजेत नवा रिक्रूट असताना माझाही गुडघा दुखायचा. नाव कटेल म्हणून मी दडवलं. शेवटी पायरी उतरता येईना, तेव्हा मला मागच्या बॅचमध्ये टाकलं. तुम्हाला मात्र "सुट्टी नाही" एवढंच कळवलं होतं.

आता मीच पोरांची पीटी घेतो. वावरात राबलेल्या पोरांचा दम जबरदस्त असतो, पण उडी मारून खाली आले की दोन्ही गुडघे आत वळतात. दुखतो गुडघा, पण कमजोरी बऱ्याचदा वर खुब्याच्या स्नायूंत असते. ब्रिटिश आर्मीतला २०११ चा एक अभ्यास आहे. दीड हजार रिक्रूट, १४ आठवडे ट्रेनिंग. अर्ध्यांना नेहमीचा वॉर्म-अप, अर्ध्यांना मांडी-खुब्याच्या ताकदीचे आणि ताणाचे व्यायाम. गुडघ्याच्या पुढच्या बाजूचं दुखणं पहिल्यांतल्या ३६ जणांना झालं, दुसऱ्यांतल्या फक्त १० जणांना.

लहान्यानं रोज १५ मिनिटं द्यावीत. कोठ्याच्या पायरीवरून एका पायावर हळू उतरायचं, गुडघा पंजाच्या सरळ रेषेत ठेवून. घाई केली तर काही उपयोग नाही. मग पाठ सरळ ठेवून बैठका, शेवटी मांडी-पोटरीला ताण.

मागच्या पोळ्याला त्याचा घोटा मुरगळला होता ना? एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, कारण पायाला तोल सांभाळायचं भान राहत नाही. त्यासाठी भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. भरतीत ९ फुटांचा खड्डा ओलांडायचा असतो. गुडघे वाकवून अलगद उतरायची सवय आतापासूनच लागू द्या.

दुखतं तोवर पळणं कमी करू दे, आणि पळायचंच तर शाळेच्या मैदानावर. गुडघा सुजला किंवा अडकला तर मालिश नको, सरळ तालुक्याच्या डॉक्टरकडे न्या.

आई, तो पायरी उतरतानाचा व्हिडिओ समोरून काढून पाठवायला सांग. गुडघे दिसले पाहिजेत. रविवारी बघून फोन करतो.

तुमचा,
मोठा