पीजी-डंपच्या कस्टम फॉरमॅटसाठी मनापासून आभार

हा फॉरमॅट लिहिणारे श्री. फिलिप वॉर्नर आणि पीजी-डंप हा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम आजवर सांभाळणारे सर्व पोस्टग्रेस डेव्हलपर यांस,

सप्रेम नमस्कार.

२००१ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ७.१ आवृत्तीसोबत, बॅकअप परत भरणारा पीजी-रिस्टोअर आणि बॅकअप फाइलीचा कस्टम फॉरमॅट आला. नुसत्या एसक्यूएल आज्ञा लिहिलेल्या साध्या बॅकअपमधून एकच टेबल हवं असलं तरी अख्खी फाइल चाळावी लागते. तुमच्या फाइलीत सुरुवातीलाच अनुक्रमणिका असते, प्रत्येक टेबलचा डेटा स्वतंत्र कॉम्प्रेस होतो आणि तो फाइलीत कुठे सुरू होतो याचीही नोंद असते. आमचे सर्वात जास्त आभार या रचनेसाठी आहेत.

टेस्ट सर्व्हरला प्रचंड लॉग टेबल नको असतं. तेव्हा पीजी-रिस्टोअरला स्मॉल एल हा पर्याय देऊन अनुक्रमणिकेची यादी काढायची, त्या टेबलच्या ‘टेबल डेटा’ या ओळीआधी सेमीकोलन टाकून ती बंद करायची आणि कॅपिटल एलने तीच यादी परत द्यायची. टेबल रिकामं, पण इंडेक्ससकट (शोध जलद करणाऱ्या सूचींसकट) उभं राहतं. दुसरं एखादं टेबल फॉरेन कीने, म्हणजे त्यातल्या नोंदींचा दाखला देणाऱ्या बंधनाने, त्याला जोडलेलं असेल तर त्या फॉरेन कीची ओळही बंद करावी, नाहीतर की बांधतानाच एरर येते. निवडून घ्यायला स्मॉल टी हा पर्याय सोपा वाटतो खरा, पण रिस्टोअर करताना त्याने इंडेक्स येत नाहीत. यादीचाच रस्ता बरा.

पोस्टग्रेस ८.४ पासून स्मॉल जे देऊन ही फाइल एकाच वेळी चालणाऱ्या अनेक जॉबनी रिस्टोअर होते, हेही मोठंच काम. मात्र बॅकअप पाइपमधून, म्हणजे फाइलीत न लिहिता थेट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, नेला तर मागे येऊन अनुक्रमणिकेत जागा लिहिता येत नाहीत, मग रिस्टोअरला डेटा शोधत बसावं लागतं. म्हणून फाइल आधी डिस्कवर घ्यावी, मग हलवावी. बॅकअपही समांतर हवा असेल तर डिरेक्टरी फॉरमॅटच (एका फाइलीऐवजी फाइलींचा फोल्डर) लागतो. रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) आणि टेबलस्पेस (डेटा ठेवण्याच्या डिस्कवरच्या जागा) या दोन्ही फॉरमॅटपैकी कशातच येत नाहीत, ते पीजी-डंप-ऑलने वेगळे घ्यावेत.

यादी नीट दिसली म्हणजे डेटा शाबूत आहे असं नाही, कारण तिथे फक्त अनुक्रमणिका वाचली जाते. सगळं रिस्टोअर डेव्ह-नलकडे, म्हणजे आलेलं सगळं टाकून देणाऱ्या सिस्टिमच्या खास फाइलीकडे, वळवलं की प्रत्येक ब्लॉक उलगडून पाहिला जातो. सर्व्हर न लागता ही तपासणी होते, हे तुमच्याच रचनेमुळे.

आणि हो, ही फाइल चुकून पीएसक्यूएलला, म्हणजे एसक्यूएल आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, दिली तर ‘पीजी-रिस्टोअर वापरा’ असं स्पष्ट सांगणाऱ्या त्या संदेशासाठीही धन्यवाद!

आपले,
पोस्टग्रेसचे बॅकअप सांभाळणारे आम्ही