अलाबामा समजून घ्यायचा, तर तिथल्या जाणकारांना बोलते करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेविषयी येणारे लेख मी नेमाने वाचतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया येथील मराठी मंडळे, नोकऱ्या, व्हिसा यांविषयी त्यांत पुष्कळ असते. दक्षिणेकडील राज्यांचा उल्लेख मात्र निवडणूक किंवा चक्रीवादळ आले की तेवढ्यापुरता होतो. गेली काही वर्षे माझे वास्तव्य अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात आहे. या एका राज्याचा इतिहास आणि संस्कृती यांवर आपण जाणकारांच्या मुलाखतींची मालिका छापावी, अशी माझी विनंती आहे. मात्र जाणकार कोणाला म्हणायचे, याविषयी माझा एक आग्रह आहे. प्रत्येक मुलाखतीत अभ्यासकाच्या जोडीला, ज्यांच्या घरातून तो इतिहास गेला आहे अशी एक व्यक्ती असावी. या दोघांपैकी एकालाच ऐकले, तर अलाबामा अर्धाच कळतो.

या आग्रहाचे कारण राज्याच्या दप्तरातच सापडते. १९०१ साली येथे राज्य अभिलेखागार स्थापन झाले. अमेरिकेतील कोणत्याही राज्याने चालवलेले हे पहिले अभिलेखागार. त्याच वर्षी राज्याची नवी घटना मंजूर झाली. ज्या परिषदेत ती तयार झाली, तिच्या अध्यक्षांनी गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करणे हा आपला हेतू असल्याचे उघडपणे सांगितले होते. साक्षरतेची अट, मालमत्तेची अट आणि मतदानासाठीचा कर यांमुळे कृष्णवर्णीय नागरिक मतदार यादीतून जवळजवळ पुसले गेले, आणि त्यांच्याबरोबर असंख्य गरीब गोऱ्यांचेही मत गेले. वर्णद्वेषी मजकूर वगळून फेररचना केलेली घटना मतदारांनी स्वीकारली ती थेट नोव्हेंबर २०२२ मध्ये. अशा काळात जन्मलेल्या अभिलेखागाराने काय जपले आणि काय जपले नाही, हे वेगळे सांगायला नको. जून २०२० मध्ये या संस्थेने स्वतःच जाहीर निवेदन काढून मान्य केले की, विसाव्या शतकाचा मोठा भाग तिने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा गौरव जपण्यात घालवला आणि कृष्णवर्णीयांच्या इतिहासाकडे दुर्लक्ष केले. मला या निवेदनाविषयी आदर आहे. ज्या अभिलेखपालांनी हे लिहिले, त्यांच्याशी आपल्या प्रतिनिधीने अवश्य बोलावे. पण जे कागद गोळाच झाले नाहीत, ते त्यांच्याकडेही नाहीत.

‘क्लोटिल्डा’ या जहाजाचे उदाहरण घ्या. आफ्रिकेतून गुलाम आणण्यास अमेरिकेत १८०८ पासून बंदी होती. तरीही १८६० साली मोबील शहरातील टिमथी माहेर या धनिकाने विल्यम फॉस्टर या कप्तानाला पश्चिम आफ्रिकेला पाठवले आणि सुमारे ११० माणसे चोरून आणवली. पुरावा राहू नये म्हणून जहाज नदीतच जाळून बुडवण्यात आले. यादवी युद्ध संपल्यावर मुक्त झालेल्या या माणसांनी पैसा साठवून जमीन घेतली आणि मोबीलच्या उत्तरेस ‘आफ्रिकाटाउन’ ही वस्ती उभी केली. जहाजाची हकीकत त्यांच्या घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जात होती, आणि बाहेरचे कित्येकजण तिला दंतकथा समजत होते. मे २०१९ मध्ये राज्याच्या ऐतिहासिक आयोगाने जाहीर केले की, नदीच्या गाळात सापडलेले अवशेष क्लोटिल्डाचेच आहेत. पाण्याखाली उतरणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी लाकडाची जात, जहाजाची लांबी-रुंदी, जळाल्याच्या खुणा आणि जुन्या नोंदणीचे कागद ताडून हा निष्कर्ष काढला. त्यांचे शास्त्र नसते तर शंका फिटली नसती. आणि वंशजांनी ती कहाणी जपली नसती, तर शोध घ्यावा असे कोणाला वाटले असते का, याचीच मला शंका आहे.

याच जहाजातून आलेले कुजो लुईस १९३५ पर्यंत हयात होते. झोरा नील हर्स्टन या लेखिका आणि मानवशास्त्राच्या अभ्यासक १९२७-२८ मध्ये त्यांच्याकडे जाऊन बसल्या, त्यांच्या अंगणात त्यांनी त्यांचे बोलणे ऐकले आणि ते त्यांच्याच बोलीत लिहून काढले. प्रकाशकाने ही बोली काढून प्रमाण इंग्रजी वापरावे असे सुचवले. हर्स्टन यांनी ते मानले नाही. ते लेखन छापून आले २०१८ साली. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते, कारण आपणही वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या माणसाचे बोलणे छापताना ते सहज ‘शुद्ध’ करून टाकतो.

आता विषयांकडे येतो. पहिली मुलाखत मातीवर व्हावी. राज्याच्या मध्यभागातून काळ्या कसदार जमिनीचा एक पट्टा आडवा जातो. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता; त्याच्या तळाशी साचलेल्या खडूच्या थरांवर ही माती तयार झाली. आपली काळी जमीन बेसॉल्टपासून झाली, तेव्हा मूळ निराळे. पण दोन्हीकडे पीक एकच आले, कापूस. या पट्ट्यातील मळ्यांसाठी माणसे विकत आणली गेली. १८६० च्या जनगणनेत राज्यात सुमारे ४ लाख ३५ हजार गुलाम नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या ४५ टक्के. मोबील हे न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल कापूस निर्यात करणारे बंदर होते. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यांची मागणी मुंबईकडे वळली. वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला, मुंबईत शेअरबाजाराचा ज्वर चढला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारे कोसळून कित्येक पेढ्या बुडाल्या. ही गोष्ट आपण मुंबईच्या बाजूने अनेकदा वाचली आहे. मोबीलच्या बाजूने ती कोणीतरी मराठीत सांगायला हवी. त्यासाठी भूगर्भशास्त्रज्ञ आणि शेतीचा इतिहासकार यांना समोरासमोर बसवावे, आणि त्याच पट्ट्यात आज शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातील कोणाला तरी त्यांच्यात सामील करून घ्यावे.

कापसाच्या आधी ही भूमी क्रीक आणि इतर आदिवासी राष्ट्रांची होती, हेही त्याच वेळी विचारले जावे. मार्च १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत अमेरिकी सैन्याकडून क्रीक लोकांचा पराभव झाला आणि त्याच वर्षीच्या तहाने त्यांची दोन कोटींहून अधिक एकर जमीन गेली. पाच वर्षांनी अलाबामा राज्य झाले. आदिवासींना हलवण्यासाठी झालेल्या १८३० च्या कायद्यानंतर उरलेल्या बहुतेकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. दक्षिण अलाबामात तग धरून राहिलेल्या पोर्च क्रीक समूहाला १९८४ मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली. त्यांच्याविषयी दुसऱ्यांना विचारण्यापेक्षा त्यांनाच विचारावे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल, अशी मुलाखत लाउन्डेस काउंटीवरची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). १९६५ च्या आरंभी या काउंटीत दहातील आठ माणसे कृष्णवर्णीय होती, आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकही नव्हता. त्या वर्षी मार्चमध्ये सेल्मा शहरातील पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना झालेली मारहाण जगाने पाहिली, ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. पण यादीत नाव आल्यावर मत कोणाला द्यायचे, हा प्रश्न उरलाच. कारण राज्यातील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते कोंबडा, आणि त्यावर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली होती. तेव्हा स्थानिक रहिवाशांनी, स्टोकली कार्मायकेल आणि इतर तरुण कार्यकर्त्यांच्या साथीने, स्वतःचा पक्ष काढला. अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी मतपत्रिकेवर पक्षाचे चित्र लागे. त्यांनी झेप घेणारा काळा पँथर निवडला. १९६६ च्या निवडणुकीत त्यांचे उमेदवार हरले. १९७० मध्ये मात्र त्याच चळवळीतील जॉन ह्युलेट काउंटीचे शेरीफ, म्हणजे निवडून आलेले पोलिसप्रमुख, झाले.

तोच पँथर १९६६ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी आपल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षासाठी घेतला, आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथरची स्थापना केली. ओकलंडचा उल्लेख आपल्याकडे होतो, लाउन्डेसचा क्वचितच. दलित पँथरच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १८७३ साली, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते. म्हणून ही मुलाखत दोन्ही बाजूंनी व्हावी असे मला वाटते: लाउन्डेसमधील त्या पिढीची एखादी व्यक्ती आणि मुंबईच्या चळवळीतून आलेला अभ्यासक यांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत. असे कार्यकर्ते आता वृद्ध झाले आहेत. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

टस्कीगीविषयी विशेष लिहायला हवे, कारण हे नाव मराठी घरांत परिचित आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये तेथे कृष्णवर्णीयांसाठी उभारलेली शिक्षणसंस्था आणि १८९६ मध्ये तेथे आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्याविषयी आपल्या शाळकरी मुलांनाही माहिती असते, आणि ती असायलाच हवी. पण १९३२ ते १९७२ या काळात त्याच परिसरात अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर जो अभ्यास चालवला, तो आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना आजाराचे खरे स्वरूप सांगितले गेले नाही, आणि पेनिसिलिनने तो बरा होतो हे माहीत झाल्यावरही ते त्यांना दिले गेले नाही. वृत्तपत्रांत बातमी आली तेव्हा हा अभ्यास थांबला. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली १९९७ मध्ये. येथे वैद्यकीय नीतीचा अभ्यासक हवाच, पण त्या पुरुषांच्या मुला-नातवंडांनी काय भोगले आणि दवाखान्यावरचा विश्वास कसा गेला, हे तेच सांगू शकतील.

संस्कृतीचा विषय आला की मला जीज बेंड दिसते. नदीच्या वळणात तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले हे गाव. तेथील बायका शेतात झिजलेल्या डेनिमच्या विजारी, पिठाच्या पोत्यांचे कापड, जुने सदरे यांपासून गोधड्या शिवत. जवळून पाहिल्यावर गुडघ्याशी विटलेला निळा आणि ठिगळाखाली ऊन न लागल्याने तसाच राहिलेला गडद निळा असे एकाच विजारीचे दोन रंग शेजारीशेजारी दिसतात. २००२ पासून या गोधड्या मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या, समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. ती वाचण्यासारखी आहे. परंतु १९६२ मध्ये या गावच्या लोकांनी मतदार नोंदणीचा प्रयत्न सुरू केल्यावर त्यांची नदीपार जाण्याची फेरीबोट बंद करण्यात आली आणि ती २००६ पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही, हे शिवणाऱ्या बाईकडून ऐकल्यावर गोधडी निराळी दिसते. मसल शोल्सचे गाण्यांचे ध्वनिमुद्रण, हंट्सव्हिलचे अवकाश केंद्र, मोबीलचा मार्डी ग्रा उत्सव यांवरही लिहिता येईल. त्यांची माहिती इतरत्र सहज मिळते, म्हणून त्यांना मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

एक मुलाखत राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी येथे व्हावी. तेथील संग्रहालयात काचेच्या बरण्यांच्या रांगा आहेत. जमावाने जेथे कृष्णवर्णीय माणसांना फासावर लटकवले, त्या जागांची माती त्यांत भरली आहे, आणि प्रत्येक बरणीवर नाव, ठिकाण, तारीख आहे. कोठे लाल, कोठे वाळूमिश्रित पिवळसर, कोठे जवळजवळ काळी. ही माती गोळा करायला त्या त्या गावचे लोक आणि मृतांचे नातेवाईक गेले. कोणत्या झाडाखाली खणायचे, हे कसे ठरवले आणि गावातील इतरांनी त्यांना काय म्हटले, हे त्यांना विचारावे.

शेवटी दोन व्यवहाराच्या सूचना. जेथे दोन जाणकारांचे मत जुळत नसेल, तेथे दोन्ही मते ज्याची त्याच्या नावाने छापावीत. आणि प्रश्न वाचकांकडून मागवावेत, कारण यवतमाळच्या कापूस उत्पादकाला अलाबामाविषयी जे विचारावेसे वाटेल, ते मला येथे बसून सुचणार नाही. आपण मालिका हाती घेतलीत, तर ध्वनिमुद्रणांचे मराठी शब्दांकन मी विनामोबदला करून देईन आणि मूळ ध्वनिमुद्रण तुमच्याकडेच राहील.

आपला,
एक नियमित वाचक
बर्मिंगहॅम, अलाबामा