आजीचं माहेर शोधायला शिकवणाऱ्या मोडीच्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

कोल्हापुरात आपापल्या घराण्याचे कागद हुडकणारी आम्ही मंडळी तुमच्या हाताखाली मोडी शिकलो. आजोबा बहुतेकांना सापडतात. जमीन त्यांच्या नावावर, शाळेचा दाखला त्यांचा, कर्जरोख्यावर अंगठा त्यांचा. आजी मात्र कुणाची तरी बायको किंवा आई म्हणून एखाद्या ओळीत येते आणि तिथेच संपते. तिला कागदातून पुन्हा बाहेर कसं काढायचं ते तुम्ही दाखवलंत, म्हणून हे जाहीर आभारपत्र. तुम्ही ही रीत कधी राखून ठेवली नाहीत, तेव्हा आम्हीही ती इथे उघडपणे लिहितो.

जन्मतारीख विचारून सुरुवात करायची नाही, हे तुमचं पहिलं सांगणं. घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारायचं की पंचमीला आजीला न्यायला मुराळी कुठून यायचा? त्याच दिवशी परत निघायचा की मुक्काम करायचा? गावाचं नाव विसरलं तरी वाटेतली नदी, बाजाराचा वार, तिथल्या जत्रेचा महिना लक्षात असतो. बैलगाडीच्या एका दिवसाच्या टप्प्यात मग मोजकीच गावं उरतात.

त्यानंतर सासरची जमीन. सातबाऱ्यावर नावाजवळ फेरफाराचा, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा, नंबर असतो. त्याची नक्कल काढली की आधीचा खातेदार, तो कधी मयत झाला आणि वारस कोण हे कळतं. तिथून त्याच्याही मागच्या फेरफाराकडे जायचं. ही साखळी हमखास तुटते ती एकत्रीकरण योजनेपाशी, कारण तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. भूमी अभिलेख कार्यालयातून ९(३) ९(४) चा उतारा घेतला की जुन्या-नव्या नंबरांची जोड लागते. तो न घेता अर्ज केला तर नोंद आढळत नाही असं उत्तर येतं आणि माणूस समजतो की कागद जळाले. जुन्या फेरफारात ‘अ.पा.क. आई’ अशी अक्षरं दिसली तर थांबायचं. अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलांची पालनकर्ती म्हणून आजी तिथे स्वतःच्या नावाने उभी असते. तिचं आणि थोरल्या मुलाचं वय ताडून बघायचं. अंतर दहा-अकरा वर्षांचं निघालं तर एक तर वय अंदाजे लिहिलंय, नाही तर ती दुसरी बायको आहे. दुसरा कागद मिळेपर्यंत दोन्ही शक्यता वहीत लिहून ठेवायच्या.

पण माहेर सासरच्या दप्तरात क्वचितच सापडतं, ते तिच्या बापाच्या गावात शोधायला हवं. ही वाट तुम्ही दाखवलीत आणि आमचं सगळं काम तिच्यावर उभं आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्यानंतर बाप मयत झाला असेल तर वारस नोंदीत मुलींचीही नावं यायला हवीत. ती सासरच्या नावाने असतात, म्हणजे आजीचं नाव, पुढे आजोबांचं, पुढे सासरचं आडनाव. त्यामुळे माहेरच्या आडनावाने शोधणाऱ्याला ती दिसत नाही. सासरचं पूर्ण नाव घेऊन माहेरच्या गावचे फेरफार वाचायचे. आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र बघायचं. बहिणींनी भावांच्या नावे हिस्सा सोडला की त्या दस्तात प्रत्येकीचं नाव, वय आणि राहण्याचं गाव लिहिलेलं असतं. आजीच्या साऱ्या बहिणी आणि त्या कुठे कुठे दिल्या, हे एका कागदावर सापडण्याची जागा हीच. नोंदणी झालेली असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूचीत शोधता येतं. बाप १९५६ आधी गेला असेल तर ही वाट बंद होते. मग तिच्या भावाची शाळा, भावाचा फेरफार, असं बाजूने जावं लागतं.

गाव कुठल्या कारभारात होतं हे आधी ठरवा, असं तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. इचलकरंजी, कागल, बावडा, विशाळगड या जहागिरींचा कारभार वेगळा. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. रायबाग संस्थानात होतं, आज ते कर्नाटकात आहे. जुन्या आळते पेट्यातली (पेटा म्हणजे तालुक्यासारखा जुना विभाग) गावं आता हातकणंगल्याकडे आहेत. म्हणून अर्जात आजचा तालुका आणि जुना पेटा दोन्ही लिहायचे.

मोडीबद्दल किती लिहावं! आधी आडवी रेघ ओढून तिला लटकवलेली अक्षरं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. एवढे चार शब्द डोळ्यांत बसले की ओळ आपोआप फुटते. सालाचा हिशोब तुम्ही पाठ करून घेतलात. इंग्रजी साल काढायला शकात ७८ मिळवायचे, फसली या महसुली सालात ५९०. फसली १३२० म्हणजे १९१० चं मृग ते १९११ चं मृग, त्यामुळे एका फसली सालात दोन इंग्रजी सालं येतात. आणि अक्षर लागलं नाही तर तिथे टिंब ठेवायचं, अंदाज लिहायचा नाही. २०२३ नंतर कुणबी दाखल्यासाठी जुन्या नोंदी वाचून घ्यायला लोकांची रीघ लागली, तेव्हाही हवा तो शब्द कुणाला वाचून दिला नाहीत. याचं मोल आम्हाला फार मोठं वाटतं.

कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची नोंदवही (गाव नमुना १४), तहसीलच्या अभिलेख कक्षात बघायचं. मुलाच्या नावाच्या जागी पुष्कळदा नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं, म्हणून शोध बापाच्या नावाने घ्यायचा. एका गावात त्याच नावाचे दोघे निघतातच. आडनावावर भरवसा नको. पाटील, चौगुले, कुलकर्णी ही वतनाची नावं, सारे पाटील एका भावकीतले नसतात. बापाचं नाव, शेताचं तोंडी नाव आणि कुलदैवत जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणायचा नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरातली १ जून ही तारीख बहुधा मास्तरांनी टाकलेली असते, तिचा आधार धरायचा नाही. शेजारच्या रकान्यातली ‘आधीची शाळा’ मात्र खरी कामाची.

सुगीनंतर दारी येऊन घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याला पायरीवरून परत पाठवू नका, घरात बसवा, धान्य द्या आणि तो मूळ गावापासून जे म्हणेल ते अडवल्याशिवाय लिहून घ्या, हेही तुमचंच सांगणं. त्याच्या वहीतलं मूळ गाव कागदांशी ताडून घ्यायचं. पटलं नाही तरी खोडायचं नाही.

आणि महापूर. २००५, २०१९, २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी घरांत आलं तेव्हा किती ट्रंका भिजल्या! ओली पानं ओढून सोडवायची नाहीत, उन्हात टाकायची नाहीत. मध्ये टिपकागद घालून पंख्याखाली सावलीत सुकवायचं आणि टिपकागद सारखे बदलायचे. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी तर कधीच नाही. फोटो काढताना आपल्या ओळीपुरता न काढता पूर्ण पान घ्यायचं, सोबत गावाचं नाव आणि वहीचा नंबर असलेलं पहिलं पानही. पुढे कुणी तपासायला गेलं तर त्याला तीच वही काढता आली पाहिजे.

तुम्ही फळ्यावर लिहून दिलेली संक्षेपांची यादी आम्ही टाईप केली आहे आणि नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी देतो. जमिनीच्या मापांचे शब्द तिच्यात अजून कमी आहेत. सवडीने भर घालून द्याल का?

आपले,
मोडीच्या वर्गातले सगळे विद्यार्थी
कोल्हापूर