तासांपुरती खोली मागणाऱ्याला ‘कशासाठी?’ असे विचारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासांच्या हिशेबाने खोल्या देणाऱ्या हॉटेलांना टाळे ठोका, अशी मागणी करणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. ‘सभ्य माणसाला भरदुपारी तीन तासांसाठी खोली लागतेच कशाला?’ असा त्यांचा सवाल आहे. मी उमेदीची सगळी वर्षे हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात काढली, त्यातला बराच काळ रात्रपाळीत. अशी खोली मागायला येणारी माणसे मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिली आहेत. त्यामुळे या सवालाला उत्तर द्यायचा थोडा तरी अधिकार मला आहे असे मी समजते.

एका दुपारी साठी उलटून गेलेले एक जोडपे आले. बाईंच्या मनगटावर रुग्णालयाची पट्टी तशीच होती. सकाळच्या तपासण्या झाल्या होत्या, संध्याकाळी डॉक्टरांना पुन्हा भेटायचे होते आणि मधला सगळा वेळ बाकावर बसून काढण्याचे त्राण त्यांच्यात नव्हते. गृहस्थ काउंटरवर वाकून इतक्या खालच्या आवाजात बोलत होते की मला पुन्हा विचारावे लागले. ‘हिला फक्त जरा आडवं व्हायचंय हो,’ असे म्हणत त्यांनी पिशवीतून फाईल काढली आणि रिपोर्ट माझ्यासमोर एकेक करून मांडायला सुरुवात केली. आपण भले लोक आहोत हे सिद्ध करण्यासाठी! मी म्हटले, ‘काका, ते आत ठेवा. दोघांची ओळखपत्रे तेवढी द्या.’ त्यांचे हात कापत होते. आयुष्यभर ताठ मानेने जगलेल्या माणसाला बायकोसाठी चार तासांचा पलंग मागताना रिपोर्ट दाखवावेसे वाटतात, याची चीड मला तेव्हा आली आणि अजूनही येते. ती भीती त्यांच्या मनात कुणी घातली? ‘सभ्य माणसाला खोली लागतेच कशाला’ असे विचारणाऱ्यांनीच.

दोन विमानांच्या मध्ये अडकलेला प्रवासी येतो. रात्रभर गाडी चालवून आलेला येतो. त्याला मुलाखतीला जाण्याआधी आंघोळ करून कपडे बदलायचे असतात. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सगळे करणारी एक बाई आमच्याकडे अधूनमधून येत असे. कुणीतरी बदली माणूस मिळाला की ती यायची, खोलीचे पडदे ओढून घ्यायची आणि झोपायची. ठरलेल्या वेळी रिसेप्शनवरून फोन करून उठवायला सांगायची, बाकी काही नाही. ती कुठे जाते हे घरी माहीत नव्हते. झोपायला म्हणून बाहेर जाते असे सांगितले असते तर तिला केवढे ऐकून घ्यावे लागले असते, हे कुणाही बाईला सांगायला नको.

आणि हो, जोडपी येतात. आजारी माणसांच्या आडून त्यांची वकिली मला करायची नाही, सरळच करते. एकाच खोलीत तीन पिढ्या झोपतात अशा घरातले नवरा-बायको येतात. लग्न न झालेली सज्ञान माणसेही येतात. दोघे सज्ञान आहेत, दोघे आपल्या मर्जीने आले आहेत, दोघांनी ओळख दिली आहे, एवढे पाहिले की काउंटरवरच्या माणसाचे काम संपते. पुढचे त्यांचे त्यांनी पाहावे. यात नवरा-बायकोचा विश्वासघातही कधी असेल. तो त्या घरातला प्रश्न आहे आणि तो सोडवायला हॉटेलच्या कारकुनाला कुणी नेमलेले नाही.

बंदीची कल्पना नवी नाही, तिचा अनुभव जगाने घेतलेला आहे. फिलिपिन्सची राजधानी मनिला इथे १९९२ मध्ये नेमका असाच वटहुकूम निघाला होता. बारा तासांपेक्षा कमी वेळासाठी खोली द्यायची नाही आणि दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा तीच खोली भाड्याने द्यायची नाही. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. त्या निकालात न्यायाधीशांनी जी उदाहरणे दिली ती माझ्या काउंटरवरचीच वाटतात: घरची वीज गेली म्हणून काही तास हॉटेलात काढणारी कुटुंबे, दोन प्रवासांच्या मध्ये हातपाय धुऊन विसावा घेणारे प्रवासी, थोडा वेळ एकांत हवा असलेला कुणीही. वेश्याव्यवसाय किंवा अमली पदार्थ रोखायचे तर त्यासाठीचे कायदे नीट राबवा, सरसकट सगळ्यांचे दार बंद करू नका, असा त्याचा रोख होता. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइम्बतूरमधल्या, मुक्कामासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या एका निवासस्थानाला लावलेले सील काढण्याचा आदेश देताना स्पष्ट केले की लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषाने हॉटेलच्या खोलीत राहणे हा गुन्हा नाही. उलट बाजूचा निकालही सांगते. अमेरिकेतल्या डॅलस शहराने दहा तासांहून कमी वेळासाठी खोल्या देणाऱ्या मोटेलांना लैंगिक व्यवसायांच्या यादीत टाकून परवान्याची सक्ती केली होती आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये त्या वर्गवारीला हरकत घेतली नाही. म्हणजे शहरांना याचे नियमन करता येते. पण परवाना घ्यायला लावणे वेगळे आणि टाळे ठोकणे वेगळे.

धंद्याच्या बाजूने पाहिले तरी यात लपवाछपवी करण्यासारखे काही नाही. कामासाठी उतरलेला पाहुणा सकाळीच खोली सोडून जातो. अकराच्या सुमारास हाउसकीपिंगवाले खोली तयार करून जातात. नवा पाहुणा संध्याकाळी येणार. मधल्या वेळात स्वच्छ, थंड, रिकामी खोली पडून असते. हाच रिकामा वेळ विकायचा या विचाराने पॅरिसमध्ये २०१० साली ‘डेयूज’ नावाची सेवा सुरू झाली आणि पुढे अनेक देशांत पोहोचली. लंडनच्या गॅटविक विमानतळावर २००७ पासून ‘योटेल’च्या केबिन किमान चार तासांसाठी मिळतात. जपानमधल्या लव्ह हॉटेलांच्या दारातल्या दरफलकावर ‘विश्रांती’ आणि ‘मुक्काम’ असे दोन वेगळे दर उघड लिहिलेले असतात, आणि कित्येक ठिकाणी समोरासमोर कुणाशी बोलावेही लागत नाही: खोल्यांचे फोटो असलेल्या फलकावरचे बटण दाबायचे आणि खोलीत जायचे.

या व्यवसायात राग यावा असे काही असेल तर ते चादरीचे आहे. तीन तासांचा पाहुणा गेला की पलंगावरचे सगळे कापड उतरलेच पाहिजे, टॉवेल बदललेच पाहिजेत, न्हाणीघर घासलेच पाहिजे. मुक्कामी पाहुण्याइतकेच काम. पण खोली विकण्याच्या घाईत मॅनेजर वरून ओरडतो, ‘चादर ताणून घे, चालेल’. सफाईच्या मुलींना दिवसाला ठरलेल्या खोल्या असतात आणि या मधल्या खोल्या त्या हिशेबात धरतच नाहीत. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी रजिस्टरमधली आडनावे जुळवत बसण्याऐवजी लाँड्रीचा हिशेब मागावा. किती वेळा खोली विकली आणि किती चादरी धुवायला गेल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवले की चोरी लगेच दिसते.

आता गुप्ततेबद्दल. गुप्तता म्हणजे नोंद न करणे असा समज आहे, तो चुकीचा आहे. नोंद हवीच. खोलीतल्या प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्र, एकाचे नव्हे. आग लागली, कुणी आजारी पडले, तर आत कोण आहे हे कळायला हवे. जो लॉजवाला ‘नाव नको, रोख द्या’ म्हणतो तो तुमच्यावर उपकार करत नाही. उद्या तुम्हाला काही झाले तर तुम्ही तिथे होताच असे कुणी म्हणणार नाही. गुप्तता सुरू होते ती नोंद झाल्यानंतर. ते रजिस्टर काउंटरवर उघडे पडलेले नसावे. पुढच्या पाहुण्याला सही करताना मागच्याचे नाव वाचता येऊ नये. खोलीचा क्रमांक मोठ्याने पुकारू नये, की-कार्डाच्या पाकिटावर लिहून हातात द्यावा. आणि पोलिसांनी मागितले की रजिस्टर समोर सरकवावे, हेही गृहीत धरू नये. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये हॉटेलमालकांनी पाहुण्यांची नोंद ९० दिवस जपून ठेवायची आणि पोलिसांनी मागताक्षणी दाखवायची, न दाखवल्यास गुन्हा, असा नियम होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यातला ‘मागताक्षणी’ हा भाग घटनाबाह्य ठरवला: आधी तटस्थ अधिकाऱ्यापुढे दाद मागायची संधी हॉटेलला मिळाली पाहिजे. नोंद ठेवण्याच्या सक्तीला त्यांनी धक्का लावला नाही.

गुपित फुटते ते बहुधा कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, सौजन्यामुळे. पाहुणा गेला की यंत्रणा आपोआप संदेश पाठवते, ‘आपला मुक्काम कसा वाटला?’ तो संदेश घरातल्या कुणाच्या हातात फोन असताना येतो. किंवा चष्मा विसरलेला असतो आणि आमचा एखादा उत्साही मुलगा फोन लावून विचारतो, ‘साहेब, तुमच्या खोलीत चष्मा सापडला.’ फोन दुसऱ्याच कुणी उचललेला असतो. चांगल्या हॉटेलांत यासाठी नियमच असतो: सापडलेली वस्तू तारीख आणि खोली क्रमांक लिहून जपून ठेवायची, पाहुण्याने विचारले तरच सांगायचे, आपण होऊन फोन करायचा नाही. मी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हा नियम सांगत असे. झोपायला येणाऱ्या त्या बाईंचा रुमाल एकदा राहिला होता म्हणा, की कानातला एक टॉप. तो पुढच्या खेपेला पाकिटातून त्यांच्या हातात दिला, एक शब्द न बोलता.

खोली घेणाऱ्यांनीही थोडे सावध असावे. वेळ दिवसाची हवी हे आधी फोनवर स्पष्ट सांगावे, म्हणजे काउंटरवर चारचौघांत खुलासे करावे लागत नाहीत. दोघांचीही ओळखपत्रे चालतील ना, हे तेव्हाच विचारावे. अभिप्रायाचे आणि जाहिरातीचे संदेश नकोत असे बुकिंगच्या वेळीच नोंदवायला लावावे. बिलावर काय छापून येते आणि ते कुठल्या ईमेलवर जाते, हे पाहून घ्यावे. आणि खोलीत गेल्यावर टीव्हीचा बॉक्स, भिंतीतले सॉकेट, हेअर ड्रायरची खुंटी यांच्याकडे एकदा नीट बघावे. दक्षिण कोरियात २०१९ मध्ये दहा शहरांतल्या ३० मोटेलांमध्ये नेमक्या याच जागी बारीक कॅमेरे सापडले. सुमारे १,६०० पाहुण्यांचे चित्रण इंटरनेटवर थेट दाखवले गेले होते. खासगी क्षण विकणारा तो गुन्हेगार आहे, ते जगणारे नव्हेत. आपल्या पत्रलेखक वाचकांनी ही शिक्षेची भाषा अशा माणसांसाठी वापरली असती तर मी त्यांच्या शेजारी उभी राहिले असते.

त्यांची एक काळजी मात्र खरी आहे आणि ती मी झटकणार नाही. अल्पवयीन मुलगी किंवा मुलगा फसवून, धाक दाखवून अशा खोलीत आणला जातो. तेव्हा गप्प बसणे म्हणजे गुन्ह्यात सामील होणे. पण त्याची खूण तासांत नसते. पूर्ण रात्रीचे पैसे भरूनही हे घडते. खूण अशी असते: एकाच माणसाच्या खिशात दोघांची ओळखपत्रे, प्रश्न एकीला विचारला की उत्तर दुसरा देतो, मुलगी मान वर करत नाही, तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. अशा वेळी मी नेहमी तिच्याकडेच बघून विचारत असे, ‘तुमचं नाव तुम्ही सांगा.’ सोबतच्या पुरुषाने तोंड उघडले की त्याला थांबवायचे आणि पुन्हा तिलाच विचारायचे. एकदा एक मुलगी उत्तर देऊ शकली नाही. मी खोली दिली नाही, मागच्या दाराने सहकाऱ्याला पाठवून मदत बोलावली. ते मी करू शकले, कारण काउंटरवरच्या माणसाने माणसे बघावीत अशी शिस्त तिथे होती. सगळ्याच पाहुण्यांकडे संशयाने बघायची सवय लागली की खरा संशयित त्यांच्यात हरवून जातो. आणि उघड, नोंदणीकृत हॉटेलांना टाळे लागले की हे सगळे अशा ठिकाणी जाते जिथे नाव विचारायलाच कुणी नसते.

शेवटी संपादक महाशय, एक विनंती आपल्याकडेच आहे. हॉटेलवर छापा पडला की तोंडावर ओढणी किंवा रुमाल धरून बाहेर पडणाऱ्या माणसांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. त्यांच्यातल्या बहुतेकांवर कसलाही गुन्हा सिद्ध झालेला नसतो, कित्येकांवर दाखलही होत नाही. चेहरा झाकलेला असला तरी कपडे, पिशवी, चप्पल घरच्यांना ओळखू येतात. पुढे ते सुटले ही बातमी कुणी छापत नाही. असे फोटो आपण छापू नयेत. हॉटेलचे नाव, मालकावरचा आरोप, पोलिसांनी लावलेले कलम हे जरूर छापावे. खोलीत होते त्यांना वगळावे. आपल्या वार्ताहरांना तशी लेखी सूचना दिलीत आणि ती अंकात जाहीर केलीत, तर इतर वर्तमानपत्रांकडेही वाचकांना तशी मागणी करता येईल.

आपली,
एक निवृत्त हॉटेल कर्मचारी
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)